थंडीतला मॅरेथॉन सराव: ऑक्टोबर ते जानेवारी, सोळा आठवड्यांचा क्रम

डिसेंबर संपत आला की स्पर्धेत उतरणाऱ्या पळणाऱ्यांकडून ठरलेली तक्रार येते. नोव्हेंबरात पाय हलके होते, वेळा झकास येत होत्या, आणि आता साधे १० किलोमीटरही जड जातात. बहुतेकांचं कारण सारखंच असतं. थंडी पडली की नेहमीचा वेग सोपा वाटायला लागतो. मग सावकाश पळायचा दिवस नकळत मध्यम वेगाचा होतो, आणि सहा-सात आठवडे एकही दिवस खरा हलका जात नाही. दुसरी चूक शेवटी उघडी पडते. सराव झालेला असतो पुण्या-नाशिकच्या १०-१२ अंशांच्या कोरड्या हवेत आणि स्पर्धा असते मुंबईच्या दमटात.

खालचा क्रम जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनसाठी आहे. आठवड्याला निदान ४०-४५ किलोमीटर आधीपासून पळणाऱ्या आणि एक-दोन हाफ मॅरेथॉन झालेल्या धावपटूला धरून तो लिहिला आहे. उदाहरणातले सगळे वेग ५ किलोमीटर २२:१५ मध्ये पळणाऱ्याचे आहेत. तुमचे आकडे वेगळे येतील, क्रम हाच राहील.

## टप्पा ०: सुरू करण्याआधी (सप्टेंबरचा शेवट)

१. रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. एकट्या हिमोग्लोबिनवर समाधान मानू नका. ते ठीक असतानाही फेरिटिन खाली गेलेलं असू शकतं, आणि मग किलोमीटर वाढले की थकवा भरून येत नाही. शाकाहारी धावपटूंनी आणि स्त्रियांनी ही तपासणी टाळूच नये. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्या. जेवणाला लागून चहा घेण्याची सवय मात्र आजच बंद करा, कारण त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. मध्ये निदान तासभर जाऊ द्या.

२. वेग ठरवून घ्या. सपाट रस्त्यावर किंवा ४०० मीटरच्या ट्रॅकवर (साडेबारा फेऱ्या) ५ किलोमीटर पूर्ण ताकदीनं पळा. त्यावरून चार वेग निघतात. २२:१५ आले असतील तर प्रति किलोमीटर:

- इझी, म्हणजे सावकाश पळण्याचा वेग: ५:४५ ते ६:२०
- मॅरेथॉन वेग: ५:०५ च्या आसपास
- थ्रेशोल्ड, म्हणजे साधारण तासभर कसाबसा टिकेल असा वेग: ४:४०–४:४५
- इंटरव्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत पळायच्या जोराच्या तुकड्यांचा वेग: ४:२०–४:२५

सहाव्या आणि अकराव्या आठवड्याच्या सुरुवातीला चाचणी पुन्हा घ्या. "आता बरं वाटतंय" म्हणून मधल्या काळात आकडे वाढवू नका.

३. सामान. दोन जोड बूट आलटून-पालटून वापरा. स्पर्धेचे बूट तिसरे असतील तर त्यांवर आधी ५०-६० किलोमीटर झालेले हवेत. डोक्याला लावायचा दिवा, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट आणि छातीला बांधायचा हृदयगती पट्टा घ्या. गार हवेत कातडीकडचा रक्तप्रवाह कमी होतो, त्यामुळे मनगटावरचं घड्याळ सुरुवातीची १०-१५ मिनिटं हमखास चुकीची गती दाखवतं.

## टप्पा १: पाया (आठवडा १ ते ५, ऑक्टोबर ते नोव्हेंबरची सुरुवात)

किलोमीटरचा क्रम: ४५, ५०, ५५, ४०, ५८. चौथ्या आठवड्यातली घट ठरवून ठेवली आहे. त्या आठवड्यात अंगात जोर आहे म्हणून किलोमीटर वाढवले, तर पुढच्या तीन आठवड्यांची वाढ पेलत नाही.

१. आठवड्यात पाच दिवस पळा, एक दिवस फक्त व्यायाम, एक दिवस पूर्ण आराम.
२. पाचपैकी चार दिवस इझी. ऑक्टोबर हीटमध्ये हा वेग किलोमीटरमागे २०-३० सेकंदांनी मंदावणारच. घड्याळाकडे न बघता बोलण्याची कसोटी लावा: पूर्ण वाक्य एका दमात म्हणता आलं पाहिजे.
३. एका इझी रननंतर ८ छोट्या चढाया: १०-१२ सेकंद जोरात वर, चालत खाली, श्वास पूर्ण जागेवर आल्यावर पुढची. पुण्यात तळजाईचा, साताऱ्यात यवतेश्वर घाटाचा पायथा पुरतो. उतारावर पळत येऊ नका. मांडीचा पुढचा स्नायू चढण्यापेक्षा उतरण्यात जास्त दुखावतो.
४. लाँग रन, म्हणजे आठवड्यातला सगळ्यात लांब रन, १६ किलोमीटरपासून २२ पर्यंत, सगळा इझी.

व्यायाम आठवड्यातून दोनदा, ३५ मिनिटं: स्क्वाट, पायरीवर एका पायानं चढणं, एका पायावरचा डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे वाकणं) आणि पोटरीचे दोन प्रकार. पहिल्यात गुडघा सरळ, दुसऱ्यात थोडा वाकवलेला. हा दुसरा प्रकार बरेच जण गाळतात. पण पळताना सर्वाधिक भार घेणारा पोटरीतला खोलवरचा स्नायू गुडघा वाकवल्यावरच नीट कामाला लागतो. पायरीच्या कडेवर उभं राहून १५-१५ चे तीन सेट, दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. डिसेंबरच्या गार सकाळी टाच धरून बसायची वेळ येऊ नये, याची तयारी ऑक्टोबरातच होते.

दिवाळी: सुट्टी साधारण याच टप्प्यात किंवा पुढच्याच्या सुरुवातीला येते. चार-पाच दिवसांत ३०-४० मिनिटांचे तीन रन पुरतात. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात फटाक्यांचा धूर जमिनीलगत साचलेला असतो, तो दिवस सरळ आरामाचा धरा. फराळ खा. बुडालेले किलोमीटर मात्र पुढच्या आठवड्यात भरून काढू नका. दिवाळीनंतरच्या नडगीदुखीचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

> पडताळणी: पाचव्या आठवड्याच्या शेवटी २२ किलोमीटर पळून दुसऱ्या दिवशी जिना सहज उतरता येतो का? येत नसेल तर पाचवा आठवडा पुन्हा करा आणि पुढच्या टप्प्यातला एक आठवडा कमी करा.

## टप्पा २: थ्रेशोल्ड (आठवडा ६ ते १०, नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरची सुरुवात)

थंडी खरी पडते ती याच काळात, आणि सराव बिघडतो तोही इथेच.

हवा गार झाली की तेवढ्याच हृदयगतीला वेग आपोआप १०-१५ सेकंदांनी सुधारतो. तो येऊ द्यावा, पण त्याच्या मागे लागू नये. इझी रनला हृदयगतीची कमाल मर्यादा ठरवा आणि ती ओलांडली की पाय आवरा. मर्यादा काढायला सपाटीवर एकट्यानं ३० मिनिटं एकसारख्या पूर्ण जोरानं पळा आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हृदयगती घ्या. तिच्या ८५ टक्क्यांखाली इझी रन. सरासरी १७० आली तर १४४ च्या वर जायचं नाही. गटाबरोबर पळणाऱ्यांना हे फार जड जातं. हलक्या दिवशी गट सोडून एकट्यानं पळावं लागलं तरी चालेल, मर्यादा सोडू नका.

आठवड्याचा साचा:

- सोमवार: आराम
- मंगळवार: थ्रेशोल्ड
- बुधवार: इझी १० किमी
- गुरुवार: इझी १२ किमी, शेवटी २०-२० सेकंदांच्या ६ स्ट्राइड (वेग हळूहळू वाढवत पळायचे छोटे तुकडे), संध्याकाळी व्यायाम
- शुक्रवार: चढण किंवा इंटरव्हल, संध्याकाळी हलका व्यायाम
- शनिवार: इझी ८ किमी
- रविवार: लाँग रन २२–२६ किमी

मंगळवारचा क्रम: ४ × ८ मिनिटं, मग ३ × १२, मग घटीच्या आठवड्यात फक्त २ × १०, मग २ × २०. मध्ये प्रत्येक वेळी दोन मिनिटं जॉग. शुक्रवारी एका आठवड्यात ६–८ × ९० सेकंद चढण, दुसऱ्या आठवड्यात ५ × १ किलोमीटर इंटरव्हल वेगानं, मध्ये अडीच मिनिटं जॉग.

थ्रेशोल्डचा वेग ४:४३ ठरला असताना ४:३० नं पळणं ही चूक दिसायला चांगली दिसते. पहिले दोन तुकडे छान जातात, तिसऱ्यात घसरण होते, आणि ज्या कामासाठी सराव होता ते झालेलंच नसतं. शेवटचा तुकडा पहिल्यापेक्षा दोन-तीन सेकंदांनी वेगात यावा आणि "अजून एक करता आला असता" असं वाटून सराव संपावा.

### गार सकाळचा वॉर्मअप, याच क्रमानं

१. घरातच ३ मिनिटं: घोटे फिरवणं, पोटरी उचलणं १५ वेळा, वजन न घेता स्क्वाट १० वेळा.
२. १५ मिनिटं अगदी सावकाश पळणं. उन्हाळ्यात १० पुरतात, १२ अंशांखाली १५ लागतात.
३. पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं, प्रत्येकी १२. एकाच जागी ताणून धरायचे स्ट्रेच इथे नकोत, ते शेवटी.
४. गुडघे उचलत पळणं, टाच मागे मारणं, स्किपिंग: ३० मीटर प्रत्येकी दोनदा.
५. ८० मीटरच्या ४ स्ट्राइड, प्रत्येक आधीपेक्षा जरा वेगात.
६. जॅकेट आता काढा, आणि तीन मिनिटांच्या आत मुख्य सराव सुरू करा.

पाचव्या आणि सहाव्या पायरीत फोटो, गप्पा, घड्याळाची जुळवाजुळव यांत दहा मिनिटं गेली की अंग पुन्हा गार पडतं आणि आधीचं सगळं वाया जातं. कपड्यांचा हिशेब सोपा आहे: दारातून बाहेर पडताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सुती बनियन घामानं भिजून गार पडतं, ते नको. सराव संपला की पाच मिनिटांत कोरडा शर्ट घाला, मग ताणाचे व्यायाम.

### हवा आणि अंधार

थंडीत रात्री जमिनीजवळची हवा गार राहते आणि वरची उबदार, त्यामुळे धूर वर जात नाही. त्यात शेकोट्या आणि जाळलेला कचरा. म्हणून शहरात पहाटेची हवा पुष्कळदा दिवसातली सगळ्यात वाईट असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर जवळच्या केंद्राचा निर्देशांक बघा. १५० च्या वर गेला तर जोरातला सराव दुपारी चार-साडेचारला करा. २०० च्या वर गेला तर ट्रेडमिल किंवा आराम. घसा खवखवत असताना रेटून केलेला सराव पुढे आठवडाभर खोकला देतो.

> इशारा: डिसेंबर-जानेवारीत पुण्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, बारामती या भागांत गाळप सुरू असतं आणि मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या पहाटे रस्त्यावर असतात, कधी बंद पडून कडेला उभ्या. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या बाजूनं पळा, इअरफोन काढून ठेवा, आणि जोराचे सराव रस्त्यावर न करता मैदानात करा. दवानं ओलं झालेलं गवत वळणावर घसरतं. तिथे स्ट्राइड सरळ रेषेतच.

### मधली स्पर्धा

दहाव्या आठवड्याच्या आसपास एक हाफ मॅरेथॉन पूर्ण ताकदीनं पळा. परंपरेनं डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होणारी पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन मुंबईच्या सहा-सात आठवडे आधी येते, म्हणजे अंतर नेमकं आहे. डिसेंबरच्या शेवटी हाफ पळणं टाळा. त्यातून सावरायला लागणारे दिवस लाँग रनच्या वाट्याचे असतात.

हाफची वेळ दुप्पट करून त्यात १० मिनिटं मिळवा. १:४२ आले तर मॅरेथॉन ३:३४ च्या आसपास. हे गार हवेतलं गणित झालं. मुंबईसाठी किलोमीटरमागे आणखी ८-१० सेकंद धरा, म्हणजे ३:४०. हा आकडा आजच मान्य करून टाका. स्पर्धेच्या दिवशी पहाटे तो मान्य करायला मन तयार होत नाही.

## टप्पा ३: मॅरेथॉनचा खास सराव (आठवडा ११ ते १३)

आठवड्याचे किलोमीटर ७०, ७५, ७८. व्यायाम एकदाच. शुक्रवारचा जोराचा सराव बंद, मंगळवारचा थ्रेशोल्ड २ × १५ मिनिटांवर. या तीन आठवड्यांचा सगळा भार रविवारवर.

१. आठवडा ११: २८ किमी, शेवटचे ८ मॅरेथॉन वेगानं.
२. आठवडा १२: ३० किमी. १० इझी, ८ मॅरेथॉन वेगानं, २ इझी, ८ मॅरेथॉन वेगानं, २ इझी. सगळ्या सोळा आठवड्यांतला हा सर्वांत महत्त्वाचा सराव आहे.
३. आठवडा १३: ३२ किमी, शेवटचे ५ मॅरेथॉन वेगानं.

३२ च्या वर जाऊ नका, आणि तीन तास वीस मिनिटं झाली की किलोमीटर कितीही उरले असोत, थांबा.

### पाणी आणि खाणं: सराव आत्ताच

थंडीत तहान लागत नाही, म्हणून वाटेत न पिता ३० किलोमीटर काढणारे बरेच असतात. त्यांच्या पोटाला पळता पळता पिण्याची सवयच होत नाही.

घामाची मोजणी: दुपारी, ऊन असताना, एक तास मॅरेथॉन वेगाच्या जवळपास पळा. आधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून वजन करा. ६४.० चे ६३.१ झाले आणि वाटेत ३०० मिली प्यायलात, तर तासाला १.२ लिटर घाम. तेवढं सगळं पिऊन भरून काढायचं नसतं. तासाला ५००-६०० मिली बहुतेकांना पचतं. पळून वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त पीत आहात, आणि ते धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम त्यानं उतरतं.

खाण्यात तासाला ४०-६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. इथे ओआरएसबद्दलचा गैरसमज दूर करायला हवा. एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. अर्धा लिटर प्यायलात तर मिळालं सातपेक्षाही कमी. ओआरएस जुलाबासाठी बनलं आहे, त्यातून मीठ-पाणी मिळतं, ताकद नाही. एकतर २०-२५ ग्रॅम कर्बोदकं असलेली जेल (पाकिटातला घट्ट गोड पाक) दर ३० मिनिटांनी पाण्यासोबत घ्या, किंवा घरी करा: ५०० मिली पाणी, ३० ग्रॅम साखर, पाऊण-एक ग्रॅम मीठ, अर्धं लिंबू. यासोबत तासाला एक जेल किंवा बिया काढलेले तीन-चार खजूर. चिक्की आणि तिळाचा लाडू पळताना नको. त्यातल्या तेलानं पोट जड होतं.

> पडताळणी: बाराव्या आठवड्याच्या लाँग रनमध्ये स्पर्धेचे बूट, तेच मोजे, तीच जेल, रात्रीचं तेच जेवण. काही सोललं किंवा पोट बिघडलं, तर तेराव्या आठवड्यात बदल करून पाहता येतो. त्यानंतर काहीही नवीन नाही.

## टप्पा ४: टेपर (स्पर्धेआधी सराव कमी करत जाणं) आणि उष्णतेची सवय (आठवडा १४ ते १६)

किलोमीटर ५८, ४५, आणि शेवटच्या आठवड्यात स्पर्धा सोडून २५. वेग तोच ठेवा, लांबी कापा. मंगळवारी ३ × ८ मिनिटं, पुढच्या मंगळवारी २ × ८, शेवटच्या मंगळवारी मॅरेथॉन वेगानं ३ किलोमीटर. रविवारी २४ (१० मॅरेथॉन वेगानं), मग १६ (५ मॅरेथॉन वेगानं).

जानेवारीत मुंबईची पहाट साधारण १७-१८ अंशांची आणि दमट असते, आणि तीन-साडेतीन तासांनी ऊन अंगावर असतं. पुणे-नाशिककरांनी स्पर्धेच्या १६ दिवस आधीपासून इझी रन पहाटेऐवजी दुपारी बारा ते तीनमध्ये हलवावेत. असे आठ-दहा रन, ४०-६० मिनिटांचे, अगदी सावकाश. घामाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुटतो, तेवढ्याच वेगाला हृदयगती खाली येते. दुपार मोकळी नसेल तर रन संपल्याबरोबर ४० अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत बसा, २० मिनिटांपासून सुरुवात करून ४० पर्यंत, सलग सहा दिवस. घरात कोणी तरी हवं, चक्कर आली की लगेच बाहेर. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी हा प्रकार करू नये. स्पर्धेच्या चार दिवस आधी हे सगळं थांबवा. ही सवय थांबवल्यापासून ओसरत जाते, त्यामुळे डिसेंबरात करून ठेवण्यात अर्थ नाही.

> इशारा: सकाळची विश्रांतीतली हृदयगती सलग दोन दिवस ७-८ ठोक्यांनी वाढलेली दिसली तर त्या दिवशीचा जोराचा सराव गाळा. नुसती सर्दी असेल तर इझी पळता येतं. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर पळणं बंद, आणि ताप उतरल्यावर आणखी दोन दिवस थांबा.

### शेवटचे तीन दिवस

संक्रांत बहुतेक वेळा याच आठवड्यात येते. तिळगूळ घ्या, पण शुक्रवारपासून तीळ, शेंगदाणे, तळलेलं, उसळी, पालेभाज्या आणि जास्त भाकरी बंद. शुक्रवार-शनिवारी वजनाच्या किलोमागे ८ ग्रॅम कर्बोदकं: ६४ किलोला साधारण ५०० ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात ती ७८ च्या आसपास असतात, त्यावरून हिशेब लागतो. दहीभात, मऊ भात-वरण, पोहे, केळी, बटाटा, गुळाचं सरबत. सगळं शनिवारी रात्री एका ताटात कोंबू नका. मुख्य जेवण शनिवारी दुपारी, रात्रीचं हलकं आणि सातच्या आत.

नंबर आणि वेळ नोंदवणारी चिप शुक्रवारीच नीट तपासून घ्या, ऐनवेळी बदलता येणार नाही असं काही राहायला नको. मार्गाचा त्या वर्षीचा नकाशा नीट वाचा, तो मधूनमधून बदलतो. वर्षानुवर्षं परतीच्या वाटेवर ३५ किलोमीटरनंतर येणाऱ्या पेडर रोडच्या चढणीनं अनेकांच्या वेळा घालवल्या आहेत. चढण कितव्या किलोमीटरला आहे हे हातावर लिहून ठेवा आणि तिथे वेगाऐवजी श्वासाकडे लक्ष द्या.

### स्पर्धेची पहाट

१. सुटण्याच्या अडीच-तीन तास आधी उठून पोहे, ब्रेड-मध किंवा दोन केळी. पहाटे पाचला सुटायचं असेल तर अडीचला.
२. ४०० मिली पाणी हळूहळू, शेवटच्या तासात फक्त घोट.
३. वॉर्मअप ८ मिनिटं, दोन स्ट्राइड. थंडीतला लांब वॉर्मअप इथे नको, मुंबईत अंग गरमच असतं.
४. पहिले ५ किलोमीटर लक्ष्यापेक्षा ७-८ सेकंद मंद. ५:१३ चं लक्ष्य असेल तर ५:२०. अंधार, गर्दी आणि गार वारा यांत ५:०० सुद्धा सोपे वाटतील.
५. पहिली जेल ३० मिनिटांनी, भूक असो-नसो. प्रत्येक पाण्याच्या टेबलावर दोन घोट, उरलेलं डोक्यावर आणि मानेवर.
६. २५ व्या किलोमीटरला तपासा: हृदयगती सुरुवातीच्या तुलनेत १० ठोक्यांहून अधिक चढली असेल तर वेग ५ सेकंदांनी उतरवा. इथे ५ सेकंद सोडले नाहीत तर ३५ नंतर ४० सोडावे लागतात.

### नंतर

चार दिवस पळणं नाही, फक्त चालणं. पुढचे दहा दिवस एक दिवसाआड ३०-४० मिनिटं इझी. जोराचा पहिला सराव तिसऱ्या आठवड्यानंतर, आणि तोही जिना उतरताना मांडी दुखत नसेल तर. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली १० किलोमीटरची स्पर्धा कितीही मोहात पाडत असली तरी नाव नोंदवू नका.